चार पावसाळे काढलेल्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या

माझी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये झाली. घरात कुठलीही वस्तू आली की आधी तिचे नटबोल्ट बघायची खोड त्यामुळे लागली. या खिडक्यांच्या वेळी मात्र रंग आणि काच बघत बसलो आणि नेमके स्क्रू बघायचे राहिले.

घर रत्नागिरीत, भाट्याच्या खाडीजवळ. जुन्या खिडक्या फणसाच्या लाकडाच्या. मिरग लागला की झडपा फुगायच्या. खांदा लावल्याशिवाय मिटायच्या नाहीत आणि मिटल्या की दसऱ्यापर्यंत उघडायचं नाव नाही. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात एक झडप निखळून अंगणात पडली, तेव्हा ठरवलं, आता लाकूड पुरे. त्याच डिसेंबरात हॉलच्या दोन आणि माजघराची एक अशा तीन खिडक्या बसवल्या. ॲल्युमिनियमच्या, बिजागरीवर बाहेर उघडणाऱ्या, दोन-दोन झडपांच्या. चौरस फुटाला ९५० रुपये पडले. बसवणाऱ्याचं नाव देत नाही. माणूस अजून फोन उचलतो, उगाच कशाला बिघडवा.

सरकत्या खिडक्या स्वस्त पडत होत्या. पण त्या कधीही अर्ध्याच उघडतात आणि खालच्या पट्टीत साचलेलं पाणी वारा आत ढकलतो. बाहेर उघडणाऱ्या झडपेचं उलट असतं. समोरून वारा आला की तो झडपेलाच चौकटीच्या रबरावर दाबून धरतो. जुलैतली आमच्याकडची झड आडवी येते, तरी चार वर्षांत आतल्या कट्ट्यावर पाणी दिसलं ते एकदाच.

ते एकदाचं सांगतो, कारण चूक खिडकीची नव्हती. चौकटीच्या खालच्या बाजूला बाहेरून दोन बारीक भोकं असतात. रबरातून निसटलेलं पाणी त्यातून बाहेर जायचं. उन्हाळ्यात कुंभारीण माशीने दोन्ही भोकांत मातीचं घर केलं, आणि असं घर की वरून बोट फिरवलं तरी कळू नये. पहिल्याच मोठ्या पावसात चौकट पन्हळीसारखी भरली आणि पाणी आत सांडलं. आता मे संपता संपता झाडूचा हीर घालून भोकं मोकळी करतो आणि वरून तांब्याभर पाणी ओततो. बाहेर धार लागली की काम झालं.

आता स्क्रूंचं. या खिडक्यांना दाराची असते तशी बिजागरी नसते. झडपेच्या वर आणि खाली स्टीलच्या सरकत्या पट्ट्या असतात, त्याला हे लोक फ्रिक्शन हिंज म्हणतात. झडप जिथे सोडाल तिथे राहते ती त्या पट्टीतल्या घर्षणामुळे. माझ्या पट्ट्या स्टेनलेसच्या, पण त्या धरणारे स्क्रू साधे, जस्ताचा मुलामा दिलेले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर स्क्रूंच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी दिसायला लागली, थेट बसच्या बॅटरीच्या टर्मिनलवर दिसायची तशी. तिथलं कारण वेगळं. इथे खारी हवा, त्यात एकाला एक चिकटलेले दोन धातू. आधी मुलामा जातो, मग स्क्रू गंजतो आणि भोवतालचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. एक स्क्रू पेचकस लावताच भोकासकट हातात आला. सगळे काढले आणि ३१६ ग्रेडचे, म्हणजे खाऱ्या हवेला जास्त टिकणारे स्टेनलेस स्क्रू घातले. धातू तेही वेगळेच, पण स्क्रू एवढासा आणि ॲल्युमिनियम भरपूर, त्यामुळे निभतं. समुद्राजवळ राहत असाल तर ऑर्डर देतानाच हे लिहून घ्या. तोंडी नको.

दुसरी चूक माझी स्वतःची. जन्मभराच्या सवयीने पट्ट्यांत ग्रीस भरलं. आठ दिवसांत त्यावर रेती बसून करकर सुरू झाली आणि घर्षणच गेल्याने झडप वाऱ्यावर फडफडायला लागली. साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने ते काढायला अख्खा रविवार गेला. सरकणाऱ्या तुकड्यावर एक छोटा पितळी स्क्रू असतो. झडप सैल वाटली तर तो पाव आटा आवळायचा, वरचा आणि खालचा सारखाच. एकच आवळलात तर झडप तिरकी चालते. रबराला आणि हँडलला मात्र वर्षातून एकदा सिलिकॉनचा फवारा चालतो. ॲल्युमिनियमवरच्या रंगाच्या कोटिंगला साधं साबणपाणी पुरे. थिनर किंवा ॲसिड चुकूनही नको. गवंड्याने सिमेंट उडवलं तर ओलं असतानाच धुवा, वाळलं की खाली डाग राहतो.

हँडलची एक तऱ्हा आहे. आधी झडप हाताने पूर्ण ओढून रबराला टेकवायची, मग हँडल खाली. नातू उलट करतो, त्यामुळे कडीची जीभ चौकटीच्या खाचेवर आपटून एका ठिकाणी कोटिंग उडालंय. आणि वारा सुटला असेल तर अर्धवट उघडी टाकून झोपू नका.

आमच्या सौभाग्यवतींची तक्रार मात्र मला सोडवता आलेली नाही. झडप बाहेर उघडते म्हणून गज आत आणि त्याच्याही आत डासांची जाळी. संध्याकाळी खिडकी मिटायची तर आधी जाळी सरकवा, मग गजांतून हात घाला, मग झडप ओढा. तेवढ्यात डास आत येतात ते येतातच. माझ्याकडून खिडक्यांना पाचात चार गुण. तिच्याकडून दोन, आणि तेही पाणी येत नाही म्हणून. स्वयंपाकघराची खिडकी अजून फणसाचीच आहे. जाळीचं काय ते सांगितल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, असं मला बजावलेलं आहे.