बुलबुलांच्या पंखांसाठी प्रिन्सेस स्ट्रीटची खेप

मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीटवर गेलं की प्रयोगशाळेच्या सामानाची दुकानं लागतात. त्यातल्या एका अरुंद, दोनच माणसं उभी राहतील एवढ्या दुकानाबद्दल लिहितेय. मी परळच्या एका शाळेत बुलबुल पथकाची, म्हणजे स्काउट-गाइड संघटनेतल्या लहान मुलींच्या गटाची, फ्लॉक लीडर (प्रमुख ताई) आहे. या मुली एकेक टप्पा पार करतात तसे त्यांना 'पंख' नावाचे बॅज मिळतात. आमच्याकडे पंख द्यायचा कार्यक्रम म्हणजे नाव पुकारायचं, बॅज लावायचा, टाळ्या, पुढची ये. वर्षभर खपून कोमल पंख, म्हणजे पहिला पंख, मिळवणाऱ्या मुलीच्या वाट्याला जेमतेम दहा सेकंद यायचे. ते मला फार खुपत होतं.

दुकानात गेले ती परमँगनेट आणि ग्लिसरीन मागायला. आम्ही गाइड असताना शेकोटी ही दोन एकत्र करून अशीच 'आपोआप' पेटवायचो. काकांनी बाटली काढली आणि विचारलं, "मुली किती लांब बसणार, ताई?" म्हटलं, पहिली रांग चार-पाच फुटांवर. त्यांनी बाटली परत फळीवर ठेवली. जाळ कधी उठेल ते पूड किती बारीक आहे, हवा किती गरम आहे यावर ठरतं, हॉलमध्ये नको, म्हणाले. हातचा माल न विकणारा दुकानदार! माझं मत तिथेच पक्कं झालं.

मग त्यांनी फिनॉल्फ्थेलिनचं स्पिरिटमधलं द्रावण दिलं, सोबत धुण्याचा सोडा. कापूस गुंडाळलेल्या काडीने त्या पाण्यासारख्या द्रावणात नाव लिहायचं, वाळू द्यायचं, वर सोड्याचं पाणी फवारायचं. अक्षरं गुलाबी उमटतात, कारण हे द्रव्य आम्लात बिनरंगी असतं आणि अल्कलीत रंग घेतं. आधी घरी वहीच्या कागदावर करून पाहिलं तर स्पिरिट पसरून नावं फुगली. जाड ड्रॉइंग पेपर घेतल्यावर रेघ सुबक आली. लिहिणं आणि फवारणं दोन्ही मी स्वतः केलं. बाटली मुलींच्या हाती देऊ नये, ज्वालेजवळ तर मुळीच नाही.

त्या दिवशी मी नाव पुकारलंच नाही. कोरा कागद उंच धरून फवारा मारला. आधी एक काना दिसला, मग वेलांटी, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "माझं आहे, माझं!" ती मुलगी धावत आली तेव्हा अख्खा हॉल तिच्या नावाची उरलेली अक्षरं वाचत होता. बावीस मुलींची बावीस नावं, आणि एकाही पालकाची नजर मोबाइलमध्ये नव्हती.

हीरक पंखाच्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या पंखाच्या, चौघींसाठी हळदीत बुडवून वाळवलेलं पांढरं कापड लावलं होतं. त्यावर साबणाच्या पाण्याने ब्रश फिरवला की लाल पंख उमटायचा. एकीची आजी पुढे येऊन म्हणाली, "अगं, हळदीला चुना लावून कुंकू करतात, तेच हे." तिलाच माइक दिला. त्या दोन मिनिटांत मुलींना जे कळलं, ते मला समजावता आलं नसतं.

आता तक्रारी. तीनपैकी दोन स्प्रे पंप ऐनवेळी अडकले. बाटलीचं झाकण सैल असल्याने लोकलमध्येच थोडं द्रावण सांडलं. चिठ्ठीवर फक्त रसायनाचं नाव होतं, पिऊ नये, आगीपासून दूर ठेवावं, यातलं एक अक्षर नाही. मुलांच्या कामाला माल देताना हे लिहायलाच हवं. मी फोन करून सांगितल्यावर काकांनी पंप बदलून दिले.

टॉनिक वॉटरमधलं क्विनीन जांभळ्या (अल्ट्राव्हायोलेट) टॉर्चखाली निळं चमकतं, म्हणून तो टॉर्चही घेतला होता. पण आमच्या हॉलला पडदे नाहीत, तिथे अंधार होईना. तुमच्याकडे काळोख करता येत असेल तरच घ्या.

सगळं मिळून साडेसातशे रुपये लागले. जाताना मुलं किती, बसणार किती अंतरावर आणि खोली कशी आहे, हे कागदावर लिहून न्या. काका आधी तेच विचारतात.