सुगम संगीताच्या बैठकीत बॉसचं व्हीई-२०: नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या वर्षी गणपतीच्या पंधरा दिवस आधी मी हे पेडल, म्हणजे गायकाच्या आवाजावर इफेक्ट देणारं, पायाने चालवायचं उपकरण, घेतलं. नवीन नाही, वापरलेलं. गणपती, नवरात्र, कोजागरी, दिवाळी पहाट, तीन-चार लग्नांतले संगीताचे कार्यक्रम आणि रामनवमी, एवढं सगळं त्याच्यावर झालं. घरी पाच अभंगही रेकॉर्ड केले. आता त्याच्याबद्दल खात्रीने लिहू शकते असं वाटतं, म्हणून हे लिहितेय. भावगीत, अभंग, नाट्यपद असं गाणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. रॉक गाणाऱ्यांसाठी या पेडलची माहिती भरपूर मिळते, आपल्यासारख्यांसाठी जवळजवळ काहीच मिळत नाही.

आधी घेतलं का ते सांगते. आमचा सांगलीचा छोटा संच आहे: हार्मोनियम, तबला, साइड ऱ्हिदम आणि मी. दर कार्यक्रमाला साउंडवाला वेगळा. कुणी इको इतका लावतो की शब्द एकमेकांवर चढतात, कुणी अगदी कोरडा आवाज सोडतो. दोन तास गाऊन खाली उतरल्यावर कुणीतरी म्हणायचं, "ताई, आवाज छान, पण शब्द कळले नाहीत." भावगीतात शब्द कळले नाहीत तर उरलं काय? आपला आवाज कसा ऐकू जावा हे थोडंतरी आपल्या हातात असावं, एवढीच माझी इच्छा होती.

व्हीई-२० म्हणजे थोडक्यात असं: माइकची वायर आधी यात येते, यातून मिक्सरला जाते. मधे कॉम्प्रेसर (आवाजातला चढ-उतार आवरणारा), डी-एसर ('स', 'श'ची शिट्टी कमी करणारा), सूर दुरुस्ती, दुहेरी आवाज, हार्मनी (आपल्या सुराला जोडून उभे राहणारे जादा आवाज), डिले (ठरावीक वेळाने येणारा पडसाद), रिव्हर्ब (मोठ्या खोलीसारखी घुमणूक). कंडेन्सर माइक असेल तर त्याला लागणारी वीज, म्हणजे फँटम पॉवरही आतच आहे. तयार पॅच, म्हणजे इफेक्टच्या जुळण्या, ३०, आपण साठवायचे ५०. अडतीस सेकंदांचा लूपही आहे, म्हणजे गायलेला तुकडा परत परत वाजवत ठेवता येतो. अ‍ॅडॉप्टरवर चालतं, नाहीतर पेन्सिल सेलवर, सहा लागतात.

पहिली अडचण अशी आली की जिचा विचारच केला नव्हता. पेडल पायाने दाबायचं, आणि मी बैठकीत मांडी घालून गाते. पहिल्या कार्यक्रमात ते समोर ठेवलं, तर वाकून दाबताना तोंड माइकपासून लांब जायचं आणि ओळीचा शेवटचा शब्द हवेत विरायचा. मग डाव्या गुडघ्याशेजारी, वहीच्या स्टँडच्या मागे जागा ठरवली. खाली रबरी चटई, कारण लाकडी स्टेजवर ते सरकतं. आता डाव्या हाताच्या तळव्याने दाबते. लोकांना वाटतं ताल धरतेय. बटणाचा 'टक्' आवाज माइकमध्ये जातो, म्हणून समेवर दाबायची सवय लावून घेतली. तबल्याच्या 'धा'खाली तो झाकला जातो. लग्नात उभं राहून गायचं असेल तेव्हा चप्पल काढून अनवाणी दाबते. साडीची निरी पेडलच्या कडेत एकदा अडकली होती, तेव्हापासून पेडल पावलापासून हातभर पुढे असतं.

आता मुख्य विषय, हार्मनी. दुकानात कुणी वाजवून दाखवलं तर सगळ्यात आधी हीच मोह घालते. आपण एक सूर लावायचा आणि मागे आणखी दोन आवाज उभे राहायचे. फक्त एक गोष्ट समजून घ्या: या पेडलला गिटार किंवा कीबोर्ड जोडून स्वर ओळखायला लावता येत नाही. पट्टी आपणच सांगायची. आणि ते जो हिशोब करतं तो पाश्चात्त्य मेजर-मायनरचा.

माझी पट्टी काळी चार, म्हणजे हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीवर माझा सा. पहिल्याच आठवड्यात भूप रागावर बांधलेला एक अभंग घेतला, काळी चारचा मेजर लावला, हार्मनी 'वरचा तिसरा' ठेवली आणि गायला लागले. सा लावला, वर गंधार आला, सुरेख. रे लावला आणि मागून मध्यम ऐकू आला. भूपात मध्यम! पुढे पंचमावर गेले तर निषाद. दोन्ही वर्ज्य स्वर पेडल बिनदिक्कत लावत होतं, कारण त्याच्या दृष्टीने सात स्वरांचं सप्तक आहे आणि तिसरा स्वर म्हणजे मधला एक सोडून पुढचा. त्याला पाच स्वरांचा राग कुठून माहीत असणार? मी वही घेऊन बसले आणि एकेक स्वर लिहून काढला. 'वरचा पाचवा' ठेवला तर सा-प, रे-ध, प-रे, ध-ग अशा जोड्या भूपातल्या भूपातच राहतात, फक्त गंधारावर निषाद येतो. म्हणजे गंधारावर ठिय्या असेल तेवढ्या वेळापुरती हार्मनी बंद करायची. आता भूपाचा अभंग तसाच गाते.

त्यानंतर यमन. यमनात मध्यम तीव्र, आणि सा पासूनच्या मेजरमध्ये तो शुद्ध. पण यमनाचे सातही स्वर पंचमापासून मोजले तर मेजरच मिळतो. म्हणून काळी चारचा यमन गाताना पेडलमध्ये काळी दोनचा, म्हणजे ई फ्लॅटचा मेजर लावायचा. हे सापडलं त्या संध्याकाळी मी तासभर एकच ओळ गात बसले होते. मग बाकीचेही काढले. खमाजासाठी मध्यमाचा मेजर, म्हणजे काळी एक. काफीसाठी कोमल निषादाचा, काळी तीन. आसावरीच्या स्वरांसाठी कोमल गंधाराचा, पांढरी सात. भैरवीसाठी कोमल धैवताचा, पांढरी तीन. तुमची पट्टी वेगळी असेल तर सा पासूनचं अंतर तेच ठेवून मोजा. भैरव, तोडी, मारवा, पूर्वी मात्र यात कुठेच बसत नाहीत. त्यांचे स्वर कोणत्याही मेजरमध्ये येत नाहीत. त्यासाठी मी हार्मनी फक्त खालच्या सप्तकाची ठेवते. सप्तकाला राग आडवा येत नाही. अभंगाच्या गजरात तो खालचा आवाज मागे एखादा टाळकरी सुरात सूर मिसळतोय असा भास देतो. अगदी हलका ठेवावा लागतो. स्वतंत्रपणे ऐकू यायला लागला की तो कृत्रिम आहे हे कळतं.

हार्मनी ओळीभर वापरते, गाणंभर नाही. धृपदाच्या दुसऱ्या आवर्तनाला चालू, अंतऱ्याला बंद. आलापीत कधीच नाही, कारण मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घेतली की मागचे आवाज पायऱ्या चढल्यासारखे टप्प्याटप्प्याने उड्या मारतात.

हीच गोष्ट सूर दुरुस्तीची. या तंत्राला सगळेच आता ऑटोट्यून म्हणतात. मूळ ऑटो-ट्यून हे अँटारेस कंपनीचं सॉफ्टवेअर १९९७ साली आलं. व्हीई-२०मध्ये सौम्यपासून यांत्रिक आवाजापर्यंत प्रकार आहेत. मी सौम्य लावून दोन महिने प्रयत्न केला आणि कायमचं बंद केलं. कारण नीट सांगते. माझा तानपुरा मिरजेचा आहे. तो मन लावून जुळवला की त्यातून जो गंधार ऐकू येतो, तो कीबोर्डच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. मोजायचं झालं तर सा पासून ३८६ सेंट (कीबोर्डच्या शेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर १०० सेंट), कीबोर्डचा ४००. चौदा सेंटचा फरक कागदावर नगण्य, पण बारा वर्षं तानपुऱ्यावर रियाज केलेल्या गळ्याला तो खडा लागल्यासारखा टोचतो. मी गंधार बरोबर लावायचे आणि पेडल तो उचलून कीबोर्डच्या जागी नेऊन ठेवायचं. मागे तानपुरा चालू, त्यामुळे दोन गंधार एकमेकांवर घासताना स्पष्ट ऐकू यायचे. दरबारीचा आंदोलित गंधार तर त्याने सरळ सपाट करून टाकला. कीबोर्ड आणि गिटारच्या साथीने फिल्मी गाणी म्हणणाऱ्यांना याचा उपयोग होईल, माझी एक मैत्रीण आनंदाने वापरते. पण तानपुरा लावून गाणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

ज्यासाठी घेतलं होतं त्या कामात मात्र पेडल खरोखर उपयोगी पडलं, आणि ते काम कॉम्प्रेसर आणि डी-एसर करतात. ज्यांची कुणी तारीफ करत नाही अशा या दोन गोष्टी. कॉम्प्रेसर थोडा लावला की शेवटचं अक्षर गिळलं जात नाही आणि तार सप्तकात गेल्यावर समोरचा माणूस कानावर हात ठेवत नाही. डी-एसर 'स', 'श'ची शिट्टी कमी करतो. मराठीत याची गरज जास्त, कारण 'चांदणं', 'चोळी', 'जाई' यांतले दंततालव्य च-ज स्वस्त स्पीकरवर फार करकरतात. पण हात आखडता ठेवा. मी सुरुवातीला जास्त लावला होता आणि 'शेवंती' 'सेवंती' ऐकू येत होती.

कॉम्प्रेसरने मला एकदा चांगलंच अडचणीत आणलं. नवरात्रात एका मंडळाच्या मंडपात स्टेज मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) अगदी तोंडासमोर होता. दोन कडव्यांच्या मधे मी गप्प, तबल्याची लग्गी चाललेली, आणि अचानक शिट्टी सुरू झाली. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो, त्याची भरपाई म्हणून पातळी वाढवलेली असते. त्यामुळे आपण गात नसतो तेव्हा माइकमध्ये येणारं सगळंच उचललं जातं. मॉनिटरचा आवाजही. तेव्हापासून मॉनिटर माइकच्या पाठीमागच्या दिशेला ठेवायला सांगते, कॉम्प्रेसर निम्म्यावर आणलाय, आणि माइकची जाळी मुठीत धरायची जुनी सवय सोडली.

साउंडवाल्याशी बोलणं हा या पेडलच्या वापराचाच भाग आहे. पोचल्यावर मी आधी जाऊन सांगते, "दादा, माझ्या चॅनलचा इको पूर्ण बंद ठेवा, इको माझ्याकडे आहे. आणि पेडल लावल्यावर गेन परत एकदा बघून घ्या." गेन म्हणजे मिक्सरमध्ये येणाऱ्या आवाजाची पातळी. तीन-चार जण नाराज झाले. एक जण म्हणाला, "मग आम्ही कशाला बसलोय?" त्यांचा राग मला समजतो, त्यांचं ते काम आहे. म्हणून आता एक गाणं त्यांना हवं तसं लावून, एक माझ्या पेडलवर, अशी दोन म्हणून दाखवते आणि त्यांनाच ठरवू देते. बहुतेक वेळा काम सोपं होतं.

रिव्हर्बचं गणित जागेवर अवलंबून. मंगल कार्यालयात फरशी आणि काचा, आवाज आधीच घुमतो. तिथे रिव्हर्ब शून्य. उघड्या मैदानावर दिवाळी पहाटेला आवाज कुठेच आदळत नाही, तिथे मध्यम रिव्हर्ब आणि थोडा डिले. डिलेची वेळ अंदाजाने लावू नका. ६०,००० ला मिनिटातल्या मात्रांनी भागा, एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. १५० च्या लयीत ४००. तेवढा डिले ठेवला की पडसाद तबल्याच्या मात्रेवर पडतो, शब्दात घुसत नाही.

विजेबद्दल: जनरेटर बदलताना एका मंडपात क्षणभर वीज गेली, पेडल बंद पडलं आणि त्यातून जाणारा माझा माइकही. परत सुरू होईपर्यंतचे ते सेकंद फार मोठे वाटले. आता कार्यक्रमाला नवे सहा सेल घालून जाते. लायटिंगच्या वायरींमुळे येणारी घरघरही त्याने गेली. शिवाय एक जादा वायर कायम शेजारी असते, म्हणजे वेळ पडली तर माइक थेट मिक्सरला लावता येतो. अ‍ॅडॉप्टर वापरणार असाल तर मधली पिन निगेटिव्ह असलेला ९ व्होल्टचाच. कीबोर्डचा दिसतो सारखा म्हणून लावू नका.

लूप मी फार वापरला नाही. रामनवमीला गजराचे चार आवाज एकावर एक चढवले, छान झालं, पण तबलजींना लूप नीट ऐकू न गेल्याने लय सुटायला लागली होती. त्यांच्या मॉनिटरमध्ये तो मोठा देणं अत्यावश्यक.

रेकॉर्डिंगमधली माझी चूक तुम्ही करू नका. याला यूएसबी नाही. पेडलमधून ऑडिओ इंटरफेसला (आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारी डबी) वायर जाते. पहिले दोन अभंग मी रिव्हर्ब, डिले सगळं लावूनच रेकॉर्ड केले. हेडफोनवर ऐकताना डोळ्यांत पाणी आलं होतं. मिक्सिंग करणाऱ्या मुलाने ऐकलं आणि म्हणाला, "काकू, कोरडा ट्रॅक द्या, हा इको मला काढता येत नाही." दोन्ही पुन्हा गावे लागले, आणि पहिल्या वेळी लागलेला तो एक निषाद परत तसा लागला नाही. आता घरी फक्त हलका कॉम्प्रेसर आणि डी-एसर, बाकी सगळं बंद. कानात थोडा रिव्हर्ब हवाच असतो, नाहीतर सूर मोकळा लागत नाही. तो इंटरफेसच्या सॉफ्टवेअरमधून घेते, रेकॉर्ड होत नाही.

दिवाळी पहाटेला माझ्या गुरू पहिल्या रांगेत होत्या. त्यांना पेडलबद्दल काही सांगितलं नव्हतं. संपल्यावर पाया पडले तेव्हा त्या म्हणाल्या, "आज शब्द नीट पोचले गं." मग वहीच्या स्टँडमागचं पेडल त्यांच्या नजरेस पडलं. मी सगळं समजावून सांगितलं, भूपातल्या मध्यमाचंही. त्या म्हणाल्या, "मध्यम तू ऐकलास ना, मग ठेव."

सध्या आषाढीच्या कार्यक्रमाची तयारी चालली आहे. पेडलमधल्या मेमरी (साठवलेले पॅच) एक ते सहा अभंगांच्या क्रमाने लावून झाल्यात. सातवीत शेवटची भैरवी आहे: पांढरी तीनचा मेजर, हार्मनी फक्त गजराला, डिले बंद.