‘कस्टममधून सुटलेला’ प्रोटीनचा डबा

जिमच्या ट्रेनरने कपाटातून बिलाशिवाय प्रोटीनचा डबा काढला, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

गोव्यात, म्हापशात आमच्या ट्रेनरने वेळ अचूक साधली होती. जून-जुलैत मासेमारी बंद, बांगडा मिळाला तरी महाग, म्हणजे ताटातली प्रथिनं कमी. त्यात त्याचा धाक: व्यायामानंतर अर्ध्या तासात व्हे (दुधापासून काढलेली प्रथिन-पावडर) पोटात गेलं नाही तर घाम फुकट. वास्तविक स्नायूंची डागडुजी पुढे दिवसभर चालते, आणि दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनं मिळाली की बहुतेकांचं भागतं. पण हे सांगून डबा कसा खपणार?

"पात्रांव (मालक), कस्टममधून सुटलेला माल. बिल घेतलंस तर भाव चढेल." सात हजारांवरचा डबा साडेचार हजारांत! सील होतं, होलोग्राम होता. क्यूआर कोड मोबाइलवर धरला की ‘अस्सल’ असा हिरवा शिक्का उमटे. त्या कोडने उघडणारी वेबसाइटच बनावट होती, हे नंतर कळलं.

शेकरच्या तळाशी पिठूळ साका राहू लागला, तेव्हा फार्मसीतून आयोडिन आणून थेंब टाकला. मिश्रण निळंकाळं! म्हणजे पिष्ट. रंग बदलला नाही म्हणून माल चोख, असंही समजू नका. साखर किंवा ग्लायसिन (एक साधं अमिनो आम्ल) या चाचणीत सापडत नाही. ग्लायसिन तर साध्या प्रयोगशाळेलाही चकवतं. तिथे प्रथिनांचा अंदाज काढायला नायट्रोजन मोजून 6.25 ने गुणतात, त्यामुळे 100 ग्रॅम स्वस्त ग्लायसिन कागदावर जवळपास 117 ग्रॅम ‘प्रथिन’ होतं. स्नायूंना लागणारं ल्युसिन हे अमिनो आम्ल त्यात शून्य.

डब्यावरचा 14 आकडी एफएसएसएआय (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांक त्यांच्याच फॉसकॉस या परवाना पोर्टलवर टाकला, तर परवाना परराज्यातल्या कुणा मिठाईवाल्याचा. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता लागतोच. इथे तो स्टिकरच नव्हता. ट्रेनरचं उत्तर: "मी फक्त मधला माणूस." रोख दिलेले पैसे, बिल नाही, त्यामुळे डबा त्याने विकला हे तरी कशावरून?

बांबोळीला अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची तर पैसे दिल्याची नोंद हवी, आणि जमल्यास त्याच मालाचा न फोडलेला डबा.

तो ट्रेनर अजून तिथेच आहे. हल्ली क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) विकतो, सुट्या पाकिटांत, लेबलाशिवाय.