बिटलॉकर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बेळगावच्या उद्यमबागेत आमचा ओतीव कामाचा छोटा कारखाना आहे. ग्राहकांनी विश्वासाने दिलेली ड्रॉईंग, आमची दरपत्रके आणि खानापूर-चंदगड भागातून येणाऱ्या कामगारांच्या आधार व बँक खात्यांचे तपशील कार्यालयातील पाच संगणकांवर असतात. गेल्या वर्षी कोल्हापूरहून परतताना आमचा एक लॅपटॉप बसमध्ये विसरला. तो दोन दिवसांनी सुखरूप मिळाला. परंतु डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तर विंडोजचा पासवर्ड आड येत नाही, हे त्या दोन दिवसांत कळले आणि झोप उडाली. त्यानंतर आम्ही पाचही संगणकांवर विंडोज प्रोमधील बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरील माहिती कूटबद्ध करून किल्लीशिवाय वाचता न येणारी ठेवणारी सोय, सुरू केले.

वेगाबद्दल तक्रार नाही. मोठी ड्रॉईंग उघडतानाही फरक जाणवत नाही.

खरी कसोटी चौथ्या महिन्यात लागली. दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने बिटलॉकर तात्पुरते न थांबवताच बायोस (संगणक सुरू करणारी मूळ प्रणाली) अपडेट केले आणि हिशेबाच्या संगणकाने निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की, म्हणजे अडलेली डिस्क उघडण्याची राखीव किल्ली, मागितली. पगाराचा दिवस होता. पाचही कींचे छापील कागद तिजोरीत होते, पण कोणता कागद कोणत्या संगणकाचा, हे आम्ही लिहिलेच नव्हते. अखेर पडद्यावरील की आयडीची पहिली आठ अक्षरे एकेका कागदाशी ताडून योग्य की सापडली. मी एकेक अंक वाचत होतो आणि आमच्या कन्नडभाषक लेखापाल बाई तो टंकत होत्या. सहा अंकांच्या प्रत्येक गटाला ११ ने भाग जावा लागतो, त्यामुळे एका गटातील चूक पुढे जाण्याआधीच लक्षात आली. त्याच दिवशी प्रत्येक कागदावर संगणकाचे नाव लिहिले आणि दुसरी प्रत कारखान्याबाहेर ठेवली. बिटलॉकर घेणाऱ्याने हे काम पहिल्याच दिवशी करावे, असे मी कळकळीने सांगेन, कारण ही किल्ली हरवली तर माहिती चोराप्रमाणे आपल्यालाही मिळत नाही.

मात्र संगणक चालू करून लॉगिन केल्यावर समोर बसलेल्या माणसाला बिटलॉकर अडवत नाही, आणि ईमेलने पाठवलेली किंवा साध्या पेनड्राइव्हवर उतरवलेली फाईल उघडीच राहते. म्हणून पगारपत्रक आता केवळ दोघांच्या खात्यांतून उघडते. निव्वळ ओळख पटवण्यापुरती आधारची प्रत लागते तेथे आम्ही फक्त शेवटचे चार अंक दिसणारे मास्क्ड आधार घेतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तथापि दंड नसता तरी, ज्या कामगाराने आपले पासबुक विश्वासाने आमच्या हाती दिले, त्याचे एवढे देणे आम्ही लागतच होतो.

पेनड्राइव्हचे काम अजून बाकी आहे. पॅटर्न विभागाच्या खणात गेल्या आठवड्यात अकरा सापडले, आणि त्यांतील तीन पेनड्राइव्हवर ग्राहकांची जुनी ड्रॉईंग होती. ज्यांची गरज आहे ते बिटलॉकर टू गो (पेनड्राइव्हसाठीचे बिटलॉकर) वापरून कूटबद्ध करत आहोत. बाकीचे मोडून टाकणार आहोत.