एका वेलीवर बारा डोळे: स्पेनमधली लोपेझ दे एरेदिया वायनरी

रिओखा भागातल्या आरो गावात रेल्वे स्टेशनाला लागूनच वायनऱ्यांची रांग आहे. कून, ला रिओखा आल्ता, मूगा ही नावं वाईन पिणाऱ्यांना ठाऊक असतात. या सगळ्यांत सर्वांत जुनी म्हणजे लोपेझ दे एरेदिया. १८७७ पासून एकाच घराण्याकडे असलेली ही वायनरी आज चौथी पिढी चालवते: मारिया होसे, मर्सेदेस आणि हुलिओ सेसार ही भावंडं. वाईन बनवण्याचं काम मर्सेदेस पाहतात.

इथली तळघरं इतकी भारून टाकतात की आलेला माणूस पिंपांचे फोटो काढतो आणि बागेकडे न बघताच परततो. यांची वाईन सहा-सहा, दहा-दहा वर्षं पिंपात राहूनही जिवंत कशी राहते, याचं उत्तर मात्र छाटणीच्या कात्रीत आहे. म्हणून हे परीक्षण बागेपासून सुरू करू.

त्याआधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय बाग समजणार नाही. आरोला रेल्वे आली १८६३ मध्ये. त्याच सुमारास फ्रान्समध्ये फायलोक्सेरा ही मुळांवर जगणारी कीड शिरली आणि बोर्दोचे व्यापारी वाईनच्या शोधात डोंगर ओलांडून रिओखात उतरले. येताना २२५ लिटरच्या ओक पिंपात वाईन मुरवायची पद्धतही त्यांच्याबरोबर आली. संस्थापक राफाएल लोपेझ दे एरेदिया त्याच धामधुमीत आरोमध्ये स्थिरावले. पुढे फ्रेंच बागा सावरल्या, १८९२ नंतर फ्रेंच खरेदी आटली आणि १८९९ मध्ये तीच कीड रिओखात येऊन पोचली. जुन्या बागा गेल्या. उपाय एकच होता: किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलीच्या मुळावर, म्हणजे खुंटावर, कलम.

नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला खुंट नवा नाही. आपल्याकडे डॉगरिज लावतात ते पाण्याचा ताण आणि क्षारांसाठी, तिथे खुंट लावतात तो किडीसाठी. पण अडचण ओळखीचीच आहे. रिओखाच्या या भागातल्या जमिनीत चुनखडी भरपूर. चुना न सोसणारा खुंट लावला की मुळं लोह उचलत नाहीत आणि कोवळी पानं शिरा सोडून पिवळी पडतात. त्यामुळे अशा जमिनीत ४१-बी सारखे चुना सोसणारे खुंट वापरात आले.

या पडझडीनंतर, १९१३-१४ मध्ये, राफाएल यांनी एब्रो नदीच्या वळणावर उजव्या काठाला मोठी जमीन घेऊन लागवड केली. तीच ही विन्या (म्हणजे बाग) तोंदोनिया, शंभर हेक्टरांहून मोठी, गाळाची आणि चुनखडीची. कुबियो, बोस्कोनिया आणि साकोनिया या घराण्याच्या बाकीच्या बागा. बाहेरून द्राक्ष घेत नाहीत. बाजारात द्राक्ष महागो वा पडो, यांच्या वाईनची चव हलत नाही, ती याच्यामुळे.

इथे मांडव नाही, तारा नाहीत. वेल गुडघ्याएवढी, स्वतःच्या खोडावर उभी. खोडावर तीन हात, प्रत्येक हातावर दोन आखूड काड्या, प्रत्येक काडीवर दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा: एकूण बारा. रिओखाच्या नियमातही या पद्धतीच्या वेलीला बारा डोळ्यांचीच मर्यादा आहे. लाल द्राक्षाचं उत्पादन हेक्टरी ६,५०० किलोच्या वर गेलेलं चालत नाही, म्हणजे एकरी साधारण २,६०० किलो. खाण्याच्या द्राक्षाचे एकरी दहा टन काढणाऱ्याला हा आकडा तोट्याचा वाटेल. पण घड कमी असले की मणी लहान राहतो, रसाच्या मानाने साल जास्त मिळते आणि रंग आणि बरंचसं टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, सालीतच असतं. पातळ रसाची वाईन दहा वर्षं पिंपात ठेवली तर हाती फिकट, आंबूस पाणी येईल.

छाटणी एकदाच. तिकडे वेल हिवाळ्यात पूर्ण झोपते, त्यामुळे आपल्यासारखी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी असा दुहेरी खेळ नाही. पानं गळाल्यावर, डिसेंबर ते मार्च या काळात छाटायचं. एप्रिलमध्ये डोळे फुटतात, जूनमध्ये फुलोरा, ऑगस्टमध्ये मण्यांवर रंग आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत तोडणी.

जोखीम सर्वांत मोठी फुटव्याच्या वेळी. २८ एप्रिल २०१७ च्या पहाटे रिओखात दहिवर गोठलं आणि हिरवे कोंब जळाले. लवकर छाटलेली वेल लवकर फुटते, म्हणून सखल, गार हवा साचणारे तुकडे शेवटी छाटण्याचा शहाणपणा तिथे जुना आहे. मग बुरशीचे रोग: ओला वसंत आला की केवडा, कोरडा उन्हाळा आला की भुरी. टेम्प्रानिलो ही इथली मुख्य लाल जात भुरीला विशेष बळी पडते. गार्नाचा या दुसऱ्या लाल जातीची तऱ्हा वेगळी: फुलोऱ्यात पाऊस-वारा आला की फूल गळतं आणि घड विरळ होतो.

मग चार जाती एकत्र का? तोंदोनियाच्या लाल वाईनमध्ये सुमारे तीन चतुर्थांश टेम्प्रानिलो, पंधरा टक्क्यांच्या आसपास गार्नाचा आणि उरलेल्यात ग्रासियानो व मासुएलो. टेम्प्रानिलो लवकर पिकतं, चव मऊ, पण आम्लता तोकडी. गार्नाचा भरदारपणा आणि अल्कोहोल देतं. ग्रासियानो उशिरा पिकतं, माल कमी देतं, शेतकऱ्याला नकोसं, पण त्याची आम्लता आणि सुगंध वर्षानुवर्षं टिकतो. मासुएलोचंही काम आम्लतेचंच. आम्लता कमी पडली की वाईनचा पीएच चढतो, वाईन टिकवायला वापरतात ते गंधक निकामी होतं आणि लांबच्या मुरवणीत जिवाणू शिरतात. ही दहा टक्के द्राक्षं पुढच्या दहा वर्षांचा विमा आहेत.

तोडणी हातानेच. रस आणि साल मोठ्या ओक कोठ्यांत पडते, काही कोठ्या शंभरी ओलांडलेल्या. खमीर बाहेरून विकत आणत नाहीत. बागेतून आणि कोठ्यांच्या लाकडातून येतं त्यावरच आंबवण चालते. याला जोखीम आहे. सुरुवात रेंगाळली तर नको ते जिवाणू पुढे धावतात. म्हणून द्राक्ष निरोगी आणि कोठी स्वच्छ, या दोन्हींत कसर चालत नाही.

यांचं वेगळेपण डोळ्यांनी बघायचं तर पिंपांच्या कारखान्यात. पिंपं घरचीच बनतात. अमेरिकन ओकचं लाकूड मागवायचं, फळ्या उघड्यावर ऊन-पावसात वाळवायच्या, म्हणजे कडवट टॅनिन धुऊन जातं. मग फळ्या कड्यात उभ्या करून आत विस्तव पेटवतात, लाकूड तापून वाकतं आणि दुसऱ्या टोकाला कडं चढतं. सरस किंवा खिळा कुठेही नाही, केवळ दाब. पिंपं बारा हजारांहून जास्त आणि बहुतेक जुनी. नव्या पिंपाचा व्हॅनिलाचा वास यांना नको असतो. फळीच्या छिद्रांतून आत झिरपणारी थोडीशी हवा तेवढी हवी असते. कारागीर घरचे असल्यामुळे गळकं पिंप फेकून न देता एखादी फळी बदलून परत कामाला लागतं.

पिंपातली वाईन वर्षातून दोनदा उपसतात. वरची स्वच्छ वाईन दुसऱ्या पिंपात सोडायची आणि तळचा गाळ मागे ठेवायचा. धारेमागे उजेड धरून बघतात, धार गढुळली की तिथेच थांबायचं. रिकामं पिंप धुऊन आत गंधकाची वात जाळतात, नाहीतर ओल्या लाकडात व्हिनेगरचे जिवाणू घर करतात. तोंदोनिया रिझर्व्हा, म्हणजे जास्त मुरवलेली प्रत, सहा वर्षं पिंपात असते, म्हणजे डझनभर वेळा हा सोपस्कार. शेवटी लाल वाईन अंड्याच्या पांढऱ्याने निवळतात. या जुन्या रीतीत एका पिंपाला साधारण चार-पाच अंडी लागतात. बलक वगळायचा, पांढरं हलकं फेसून ओतायचं. त्यातली प्रथिनं खरखरीत टॅनिनला धरून तळाशी बसतात. यंत्राची गाळणी नाही, त्यामुळे बाटलीत गाळ असणं हा दोष मानू नये. कटाक्षाने शाकाहार पाळणाऱ्यांनी मात्र ही अंड्याची गोष्ट लक्षात ठेवावी.

तळघरात भिंतींवर काळी बुरशी आणि कोळिष्टकं लोंबतात. ती मुद्दाम ठेवलेली आहेत. बुचात अंडी घालणारे पतंग कोळी खातात आणि बुरशी वाढेल इतकी दमट हवा असली की पिंपातून वाईन कमी उडते.

कायद्याने रिओखाच्या ग्रान रिझर्व्हा, म्हणजे सर्वांत लांब मुरवलेल्या, लाल वाईनला पाच वर्षं पुरतात, त्यांत किमान दोन पिंपात. हे घराणं पिंपातच दहाच्या आसपास वर्षं ठेवतं. दहा हंगामांचं भांडवल अंधारात अडकवून ठेवणं भागधारकांना उत्तरं द्याव्या लागणाऱ्या कंपनीला जड जातं. बाग, पिंपं आणि साठा एकाच घरात असल्यानेच हे जमतं.

आता बाटल्यांबद्दल. पहिल्यांदा घेणाऱ्याने विन्या कुबियो घ्यावी. तीन वर्षं पिंपात, आंबट चेरीची धार शाबूत, किंमत आवाक्यात. बोस्कोनिया जरा भरदार आहे. तोंदोनिया रिझर्व्हा ही या घराची खरी ओळख: रंग विटकरी, वास सुक्या अंजिराचा, चामड्याचा, ओल्या मातीचा, आणि जिभेवर मात्र लख्ख आम्लता. ग्रान रिझर्व्हा फक्त निवडक वर्षांची निघते आणि महाग असते. रिझर्व्हा आवडल्याशिवाय तिच्याकडे वळू नये.

पांढऱ्या वाईनबद्दल आधीच सावध करायला हवं. विउरा आणि थोड्या माल्वासिया या पांढऱ्या द्राक्षांची ही तोंदोनिया ताज्या फळांची अपेक्षा ठेवणाऱ्याला बिघडलेली वाटेल. अक्रोड, मेण, वाळलेली संत्र्याची साल, मध, आणि तरीही पूर्ण कोरडी. आमच्या मते हीच यांची सर्वांत मोठी वाईन. ग्राव्होनिया ही तिची धाकटी, चार वर्षं पिंपातली, ओळख करून घ्यायला उत्तम. गुलाबी ग्रान रिझर्व्हा २००० नंतर थेट २००८ च्या हंगामाची काढली, त्यामुळे तिच्याभोवती फार गवगवा आहे. वाईन सुरेख आहे, पण तिच्या नावाने मागितला जाणारा दुप्पट-तिप्पट भाव देऊ नये. तेवढ्यात पांढरी रिझर्व्हा येते.

जेवणाशी जुळवणीत तांबडा रस्सा नको, तिखट या वाईनचा नाजूकपणा मारून टाकतं. खसखस, तीळ, खोबऱ्याचा पांढरा रस्सा आणि पांढरी तोंदोनिया यांचं मात्र पक्कं जमतं. लाल रिझर्व्हाला कमी तिखटाचं, भाजलेलं मटण हवं. रिओखात छाटणीच्या वाळक्या काड्यांवर कोकराच्या चापा भाजतात, त्यावर ही वाईन बसवलेली आहे.

भेटीसाठी आगाऊ आरक्षण करावं. बिल्बाओपासून आरो सुमारे शंभर किलोमीटर. दुकानाची इमारत वास्तुविशारद झाहा हदीद यांची, २००६ साली पूर्ण झालेली, आणि तिच्या पोटात १९१० च्या ब्रसेल्स प्रदर्शनासाठी बनवलेला घराण्याचा लाकडी मंडप ठेवला आहे. तो निवांत बघावा. पण तळघर झाल्यावर गाडी घेऊन एब्रोच्या काठी जावं आणि एका वेलीवरचे हात आणि आखूड काड्या मोजाव्यात.

घरी आणताना हिशेब असा: भारतात येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं. ७५० मिलीच्या दोन बाटल्या बसतात, तिसरीने मर्यादा ओलांडते. आमची निवड एक लाल आणि एक पांढरी रिझर्व्हा. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात त्या कपाटात ठेवू नका. वाईनचा फ्रिज नसेल तर थंडीतच उघडा. आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवली की गाळ तळाशी बसतो. जुनं बूच मळसूत्राने तुटतं, दोन पात्यांचं ओपनर वापरावं: पाती बुचाच्या दोन्ही बाजूंनी आलटून पालटून आत सरकवायची आणि फिरवत वर ओढायचं. लाल १६ ते १८ अंशांवर, पांढरी १२ ते १४ वर. फ्रिजमधून थेट ग्लासात ओतली तर पांढरीचा अर्धा वास बंदच राहतो. पहिला घोट अबोल वाटला तर ग्लास तासभर तसाच ठेवा.