बांधकामात झाडं वाचवून देणारी सर्व्हिस घेतली: चार स्टार, एक का कापला ते खाली

जुनं घर पाडून नवीन बांधायचं ठरलं तेव्हा प्लॉटवर दोन जुनी झाडं होती, एक मागच्या कोपऱ्यात आणि एक गेटच्या आत, दोन्ही ठेवायचीच यावर घरात सगळ्यांचं एकमत. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला काही टेन्शन घेऊ नका, आमचा माणूस झाडाला हातसुद्धा लावणार नाही. हे सगळेच कॉन्ट्रॅक्टर म्हणतात आणि खरंही असतं, झाडाला कोणी हात लावत नाही, सगळा हात लागतो तो त्याच्या खालच्या जमिनीला. म्हणून झाडांचा सल्ला देणारी एक एजन्सी गाठली. नाव देत नाहीये कारण पुढे तक्रारपण आहे, आणि तसंही तुम्हाला उपयोग आहे तो अशा लोकांकडून काय काम करून घ्यायचं याचा.

सगळ्यात आधी एक गोष्ट, ह्या लोकांना बोलवायचं असेल तर नकाशा फायनल व्हायच्या आधी बोलवा. खोदकाम झाल्यावर बोलावलंत तर ते येतील, बिल लावतील, पण वाचवायला हातात काही उरलेलं नसेल.

पहिल्या व्हिजिटला त्यांचा माणूस टेप घेऊन आला, साधारण छातीच्या उंचीवर खोडाची जाडी मोजली आणि तिला १२ ने गुणलं. एवढाच हिशोब. ब्रिटनचं बीएस ५८३७ नावाचं स्टँडर्ड आहे २०१२ चं, त्यात हाच नियम आहे, खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ हे मुळांचं राखीव क्षेत्र, जास्तीत जास्त १५ मीटर. ऑस्ट्रेलियातही १२ पटच धरतात. आमचं गेटजवळचं झाड ६० सेंटीमीटर जाडीचं, म्हणजे बुंध्यापासून ७.२ मीटर सगळ्या बाजूंनी. त्याने चुन्याने गोल आखला तेव्हा आर्किटेक्ट गप्पच झाला, कारण घराचा एक कोपरा, गाडीचा रस्ता आणि ड्रेनेजची लाईन हे तिन्ही त्या गोलात बसले होते.

इथे थोडं विषयांतर, पण गरजेचं आहे. झाड वर जेवढं तेवढंच खाली खोल जातं हे जे चित्र आपल्या डोक्यात असतं ना ते काढून टाका. बहुतेक मुळं वरच्या साठेक सेंटीमीटर मातीत असतात, त्यातली पाणी आणि अन्न घेणारी बारीक मुळं तर बरीचशी वरच्या फूटभरातच, आणि आडवी मात्र फांद्यांच्या घेराच्याही बरीच बाहेर जातात. त्यामुळे खोडाला गोणपाट गुंडाळून त्यावर फळ्या बांधल्या आणि झाड वाचवलं म्हणायचं, ह्याला फार अर्थ नाही. सालीला ठोकर लागायची नाही एवढंच, बाकी काम तर जमिनीखाली आहे.

तर मग आर्किटेक्ट, एजन्सीवाला आणि आम्ही बसलो आणि नकाशा हलवला. गाडीचा रस्ता दुसऱ्या बाजूला गेला, ड्रेनेज, पाणी आणि केबल तिन्ही एकाच चरात घेतले म्हणजे तीन वेगळे चर खणायला नकोत, आणि जो चर गोलाच्या बाहेर जाऊच शकत नव्हता तिथे वरून न खणता मुळांच्या खालून आडवं बोअर मारून पाईप सरकवला. घराच्या त्या कोपऱ्याला सलग पाया खणण्याऐवजी सुटे फूटिंग घेऊन वरून बीम टाकला. स्ट्रक्चरवाल्याने आधी कटकट केली, पण हे काही जगावेगळं नाहीये, त्यालाही माहीत होतं.

फूटिंगचे खड्डे घेताना जे बघितलं त्यासाठीच मी दोन स्टार देऊन टाकले असते. जेसीबी नाही, कुदळ नाही, कॉम्प्रेसरला जोडलेली एक लांब नळी, तिच्यातून हवेचा एवढा जोरदार झोत येतो की माती उडून जाते आणि मुळं तिथल्या तिथे राहतात. एअर स्पेड म्हणतात त्याला. धूळ बेकार उडते, आवाजही कानठळ्या बसवणारा, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. पण माती गेल्यावर खड्ड्यात मनगटाएवढं जाड मूळ आडवं पसरलेलं, त्याला दोऱ्यासारखी बारीक मुळं लटकतायत, एकही तुटलेलं नाही, आणि ते बरोब्बर जिथे फूटिंग यायचं तिथून गेलेलं. फूटिंग सरकवलं. जेसीबीचं बकेट असतं तर ते मूळ ओढून थेट बुंध्यापर्यंत चिरलं असतं आणि कोणाला कळलंही नसतं. अडीच सेंटीमीटरपेक्षा बारीक जी मुळं आड येत होती ती त्यांनी धारदार करवतीने सरळ कापली, त्याहून जाड असेल तर विचारल्याशिवाय कापायचं नाही असं गवंड्यांनासुद्धा सांगून ठेवलं. उघडी पडलेली मुळं लगेच ओल्या गोणपाटाने झाकली, कारण उन्हात ती फार लवकर सुकतात.

कुंपणाबद्दल. पहिल्या कोटेशनमध्ये ती नारिंगी प्लास्टिकची जाळी होती, ती घेऊच नका. लोक ती वर उचलून खालून जातात, त्यावर कपडे वाळत घालतात, आठवड्यात लोळत पडलेली असते. जमिनीत पाईप ठोकून त्यावर वेल्डमेशचे पॅनल घट्ट बसवून घ्या, आणि हे घर पाडायच्या आधी, पहिला ट्रक आत येण्याआधी. कारण जमीन दाबली जाते ती पहिल्या काही फेऱ्यांतच, नंतर कितीही गाड्या फिरल्या तरी त्या मानाने कमीच भर पडते. दाबलेल्या मातीतली हवेची पोकळी जाते, पाणी मुरत नाही, मुळं गुदमरतात, आणि वरून बघाल तर जमीन नुसती छान सपाट दिसते! एका ठिकाणी गाड्या जाणं टाळता येत नव्हतं तिथे त्यांनी लाकडाच्या चिपांचा फूटभर जाड थर टाकून वर लोखंडी प्लेटा टाकल्या, हे उत्तम काम केलं.

आणि भराव. पायाची निघालेली माती टाकायची कुठे, तर झाडाखाली जागा मोकळी असते तिथे, प्रत्येक साईटवर हेच होतं. वीतभर भरावसुद्धा खालच्या मुळांची हवा तोडू शकतो. तसंच मिक्सर आणि घमेली धुतलेलं पाणी, ते इतकं अल्कधर्मी असतं की पीएच १२ च्या वर जातो, मुळाशी मुरलं की मातीचं गणित बिघडतं, पानांना लोह मिळेनासं होतं आणि ती पिवळी पडतात. धुण्याची जागा गोलाच्या बाहेर, उताराच्या खालच्या बाजूला, हे त्यांनी नकाशावरच लिहून दिलं होतं.

आता तो कापलेला स्टार. नकाशावर लिहिणं वेगळं आणि साईटवर होणं वेगळं. करारात "नियमित देखरेख" लिहिलंय, पण मधे मधे त्यांचा माणूस यायचा बंदच झाला, फोन केला की येतो म्हणायचा. त्या काळात मागच्या झाडाचे दोन पॅनल काढून आत वाळू आणि सेंट्रिंगचं सामान रचलं गेलं. मी कॉन्ट्रॅक्टरशी भांडून ते हलवलं, आणि त्याच आठवड्यात एजन्सीचा रिपोर्ट आला, कुंपण सुस्थितीत! फोटो बघितला तर आधीच्याच रिपोर्टमधला, बादलीसुद्धा त्याच जागी. विचारल्यावर सॉरी म्हणाले, नंतर वेळेवर आले, पण मग मी पैसे कशाचे देतोय? त्यांच्या डिझाईनच्या कामाला पाच आणि देखरेखीला दोन असं वेगळं रेटिंग देता आलं असतं तर तेच दिलं असतं.

दुसरं, काम संपताना त्यांनी एक "रिकव्हरी पॅकेज" पुढे केलं, खोडात इंजेक्शन, खताचा डोस आणि कापलेल्या फांद्यांना लावायचा रंग. मी घेतलं नाही. जखमेवर रंग लावून झाड बरं होत नाही, अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शिगो यांनी १९७० च्या दशकातच दाखवलंय की झाड जखम भरून काढत नाही, ती आतून कप्पा करून बंद करतं. आणि मुळं कमी झालेल्या झाडाला नत्राचं खत देऊन पालवी फोडायला लावणं म्हणजे उलटंच काम. त्याला हवं असतं सावकाश खोलवर मुरणारं पाणी आणि चिपांचा दहा सेंटीमीटर थर, तोही बुंध्याला न चिकटवता. दोन्ही आपलं आपण करता येतं.

झाडं सध्या हिरवीगार आहेत, पण त्यावरून स्टार देऊ नका, मीही दिले नाहीयेत. बांधकामाचा धक्का बऱ्याचदा तीन, पाच, सात वर्षांनी दिसतो, शेंड्याकडच्या फांद्या वाळायला लागतात, पानं बारीक येतात, आणि तोवर कॉन्ट्रॅक्टर, आर्किटेक्ट सगळे विसरलेले असतात. म्हणून करारात दोन गोष्टी घालून घ्या: प्रत्येक व्हिजिटचा फोटो तारखेसकट आणि साईटवरूनच पाठवायचा, आणि कुंपण हललं तर कॉन्ट्रॅक्टरच्या बिलातून किती कापायचं ते आकड्यात. दुसरी अट आम्ही त्या वाळूच्या भांडणानंतर घातली, तेव्हापासून पॅनल कोणी हलवला नाही.