जॉर्जटाऊन की नोत्र दाम?

अमेरिकेतली ही दोन्ही खासगी कॅथलिक विद्यापीठं; पण घडण वेगळी. जॉर्जटाऊन १७८९चं, जॉन कॅरोल यांनी स्थापलेलं, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या परंपरेतलं. मुंबईचं सेंट झेवियर्स महाविद्यालयही त्याच संघाचं. नोत्र दाम १८४२चं, होली क्रॉस संघाच्या एडवर्ड सोरिन यांचं, इंडियाना राज्यातलं. पदवीला मुलींना तिथे १९७२पासून प्रवेश मिळाला.

मुत्सद्देगिरी किंवा परराष्ट्र धोरण शिकायचं असेल, तर जॉर्जटाऊनच. १९१९पासूनची परराष्ट्र सेवा शाळा (‘शाळा’ म्हणजे विद्यापीठातला विभाग) आणि वॉशिंग्टनमधलं ठिकाण, यांना तोड नाही. मात्र अर्ज करतानाच शाळा निवडावी लागते. नंतर बदलू म्हणणारे इथेच अडकतात.

अभियांत्रिकी हवी असेल, तर नोत्र दाम. जॉर्जटाऊनला स्वतंत्र अभियांत्रिकी महाविद्यालय नाही. नोत्र दामची वास्तुकला पदवी पाच वर्षांची, त्यातलं तिसरं वर्ष रोममध्ये. वसतिगृहं मुलामुलींची वेगळी, सुरुवातीची वर्षं तिथेच राहायचं. शिकागो दीडशे किलोमीटरवर, थंडी कडाक्याची.

धर्मशास्त्राचे दोन अभ्यासक्रम दोन्हीकडे सक्तीचे. पण कॅथलिक असण्याची अट कुठेच नाही.

जॉर्जटाऊनच्या इतिहासातली एक नोंद टाळून चालणार नाही: १८३८मध्ये तिथल्या जेझुइटांनी २७२ गुलाम माणसं विकली, आणि त्या पैशांतून विद्यापीठाचं कर्ज फेडलं गेलं.